डल म्हणजे कोणते डल?

गेल्या जुलैतली गोष्ट. मगरिबची नमाज होऊन आम्ही चहाला बसलो होतो. तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या घरून फोन आला. फोनवर मेहुणे होते. सलाम-दुआ झाली, पावसाची चौकशी झाली आणि मग जरा अडखळत त्यांनी विचारले, "भाईजान, तुम्ही शब्दांवर लिहिता म्हणून विचारतो. डल म्हणजे नक्की काय हो?"

आम्हाला हसू आले. मेहुण्यांचे कपड्याचे दुकान आहे. 'हा रंग डल आहे, तो दाखव' आणि 'सध्या मार्केट डल आहे' ही वाक्ये ते दिवसातून वीस वेळा बोलत असतील. आम्ही तसे म्हणालोही. ते म्हणाले, "ते ठाऊक आहे. पण माणसाला डल म्हणतात तेव्हा?"

आम्ही विद्वत्तेच्या थाटात उत्तर दिले, "मंद. मठ्ठ. सोप्या मराठीत ढ."

"बरं," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. कोणाला म्हटले, कुठे म्हटले, पूर्ण वाक्य काय होते, यातले काहीच आम्ही विचारले नाही. परत चहाकडे वळलो.

या सदरात आपण दर महिन्याला घरात शिरलेल्या एका परक्या शब्दाची विचारपूस करतो. या महिन्याचा शब्द 'डल' आहे आणि तो निवडण्याचे कारण हा फोन आहे. त्या फोनचे पुढे काय झाले ते सांगणारच आहोत. आधी शब्दाची ओळख करून घेऊ. ती आम्ही तेव्हाच नीट करून दिली असती, तर एका बारा वर्षांच्या मुलीचे दोन महिने वाचले असते.

आपल्या घरातला डल

आपल्या बोलण्यात हा शब्द किती ठिकाणी येतो ते पाहा. धुऊन धुऊन ओढणीचा रंग डल होतो. व्होल्टेज कमी झाले की लाइट डल होते. ईदचा बाजार उठला की महिनाभर धंदा डल जातो. आभाळ भरून आले की वातावरण डल. लग्नाला कमी माणसे आली, जेवणात मजा नव्हती, की 'लग्न डल झाले'. टीव्हीवरच्या जाहिराती सांगतात की तुमची त्वचा डल आहे, आमची क्रीम लावा. पोटात दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलो की ते विचारतात, दुखणे शार्प आहे की डल? तापातून उठलेल्या पोराला शेजारीण म्हणते, 'आज डल दिसतोय गं तुझा लेक.' आणि शाळेचा निकाल लागला की तोच शब्द वेगळ्या आवाजात येतो: 'अमक्याचा मुलगा अभ्यासात डल आहे.'

शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा. आपल्याकडे या प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र शब्द आहे. सुरीची धार गेली की ती बोथट. रंग उडाला की फिका किंवा विटका. कपड्यात उठाव नसला की मळकट. दिवा मिणमिणता. हवा ढगाळ, कुंद, मळभ आलेली. बाजार थंड. भाषण रटाळ. दुखणे जोराचे नसते पण थांबतही नाही, तेव्हा आपण म्हणतो, बारीक बारीक दुखते आहे. मडक्याला चीर गेली की ते खणखणीत वाजत नाही, बद्द वाजते. आजारी पोर मलूल दिसते, चेहरा उतरलेला, डोळे निस्तेज. मन उदास. आणि बुद्धीच्या बाबतीत मंद, मठ्ठ, ढ.

उर्दू बोलणाऱ्या घरांत आणखी दोन शब्द आहेत, 'गबी' आणि 'कुंदजेहन'. यातला 'कुंद' गमतीचा आहे. उर्दूत धार नसलेली सुरी कुंद आणि ज्याची बुद्धी लवकर चालत नाही तो कुंदजेहन. सुरी आणि डोके यांना एकाच शब्दात बसवण्याची सवय म्हणजे काही एकट्या इंग्रजांची नाही.

'ढ' या अक्षराची कथा तर सर्वांना आवडेल अशी आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी लिपी आज सरावाशिवाय वाचता येत नाही, कारण सव्वादोन हजार वर्षांत जवळजवळ सगळी अक्षरे बदलत गेली. ढ मात्र साधारण तसाच राहिला. बाकीचे पुढे गेले, हा जागचा हलला नाही, म्हणून न शिकणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू लागले, असे मराठीचे मास्तर वर्गात हसत सांगतात. ढ अक्षर निमूट ऐकून घेते. मुलाचे तसे नसते.

शब्दाचा प्रवास

इंग्रजीत हा शब्द पुरातन आहे. जुन्या इंग्रजीत 'डोल' असा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता मूर्ख. म्हणजे डल आधी माणसाला चिकटला. बोथट सुरी, फिका रंग, बारीक दुखणे हे अर्थ त्याला नंतर एकेक करून जोडले गेले. 'कंटाळवाणे' हा अर्थ तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला.

याच कुळातला जर्मन शब्द आहे 'टोल'. त्याचा जुना अर्थ वेडा, पिसाळलेला. आज जर्मन मुले तोच शब्द 'वा, झकास!' अशा अर्थाने वापरतात. एकाच कुळातले दोन शब्द. एकाला शेजारच्या देशात शाबासकीचा मान मिळाला आणि दुसरा आपल्याकडे पोरांच्या वहीत लाल शाईने उमटला.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला. डलचा 'ज्यात आनंद नाही असे' हा अर्थ समजावताना त्यांनी उदाहरण दिले ते शब्दकोश तयार करण्याच्या कामाचे! कित्येक वर्षे ते काम करणारा माणूस स्वतःच्याच कामाला डल म्हणून मोकळा झाला.

स्कॉटलंडमध्ये 'डल' नावाचे एक लहानसे गाव आहे आणि अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 'बोरिंग' नावाचे गाव आहे. बोरिंग हे तिथल्या एका जुन्या रहिवाशाचे आडनाव. २०१२ मध्ये या दोन गावांनी एकमेकांशी दोस्तीचे नाते जोडले. नावाची थट्टा होते तर आपणच ती आधी करू, असे त्या गावकऱ्यांनी ठरवले. मोठ्या माणसांना हे जमते. आपल्या नावाला हसायला आधी आपली किंमत आपल्याला ठाऊक असावी लागते. लहान मुलाला ती ठाऊक नसते. आपण सांगू तीच त्याची किंमत.

आणखी एक म्हण पाहा. जॅक नावाच्या मुलाची ही इंग्रजी म्हण शाळेत सर्वांनी पाठ केलेली असते. नुसते कामच केले आणि खेळ मुळीच नसला तर जॅक डल होतो, असा तिचा अर्थ. जेम्स हॉवेल यांनी १६५९ मध्ये छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांना कळले होते की खेळ काढून घेतला की मूल डल होते. आपण काय करतो? मूल डल आहे असे कोणी म्हटले की पहिल्यांदा त्याचा खेळ काढून घेतो.

शिक्का कसा तयार झाला

बोलण्यातला शब्द एक आणि कागदावरचा शिक्का दुसरा. शंभर वर्षांपूर्वी या शब्दाचा शिक्का तयार झाला, तो असा.

१९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमॉन यांनी मुलांसाठी एक चाचणी तयार केली. पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलांना जास्त मदत हवी आहे ते ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते आणि ती वाढत नाही, हा विचार बिने यांना मान्य नव्हता. त्यांनी त्याविरुद्ध लिहिलेही. सराव आणि शिस्तीची मदत मिळाली तर मुलाचे लक्ष, स्मरण आणि समज वाढते, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे ही चाचणी अमेरिकेत गेली. तिथे लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली आणि गुणांप्रमाणे मुलांच्या पायऱ्या पाडल्या. ८० ते ९० या पायरीचे नाव त्यांनी 'डलनेस' ठेवले. नंतर डेव्हिड वेक्सलर यांच्या चाचणीत याच पायरीला 'डल नॉर्मल' म्हणत. दुकानात रंगाला लावायचा शब्द असा मुलांच्या कागदावर शास्त्राचा शिक्का होऊन बसला. पुढे मानसशास्त्रज्ञांनाच तो खटकला. १९८१ च्या आवृत्तीत तो शब्द काढून 'सरासरीपेक्षा थोडे कमी' अशा अर्थाचे साधे नाव ठेवले गेले. ज्यांनी तो शब्द वापरात आणला त्यांच्याच शास्त्राने तो टाकून दिला. आपल्या शेऱ्यांत आणि बैठकीत तो अजून चालूच आहे.

त्या फोनचे पुढे काय झाले

आता मेहुण्यांच्या फोनकडे परत येऊ.

आमची भाची सातवीत आहे. इंग्रजी माध्यमाची शाळा. तिच्या डायरीत वर्गशिक्षिकेने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती: हल्ली वर्गात फार डल असते, पालकांनी भेटावे. त्याच आठवड्यात घटक चाचणीचे गुण आले आणि तेही घसरलेले. मेहुण्यांनी दोन्ही जोडून पाहिले. वर आमचा फोनवरचा अर्थ. झाले, नक्की झाले. मुलगी ढ निघाली. शाळेत जाऊन चारचौघांत हे ऐकून घ्यायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते भेटायला गेलेच नाहीत.

बापाचे काळीज आहे, त्यांनी हातपाय हलवले. शाळेआधी एक ट्यूशन, संध्याकाळी मक्तबहून आल्यावर दुसरी. सायकल बंद, अंगणातला खेळ बंद, मैत्रिणींकडे जाणे बंद. घरात रोज तोच विषय. धाकटा भाऊ सहा वर्षांचा. घरात जो शब्द सतत ऐकला तो त्याने उचलला. तो बहिणीला 'डल आपा' म्हणू लागला. पहिल्या दिवशी सगळे हसले. मग ते नावच पडले.

सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी पुकारू नका, अशी साफ ताकीद आहे. ती आयत आपण शेजाऱ्यांच्या, नात्यातल्यांच्या भांडणात आठवतो. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या लेकरासाठीही ती आहे, हे कितीदा आठवते?

घरात एकच माणूस असे होते ज्याला इंग्रजी येत नव्हते. मुलीची दादी. तिला डल या शब्दाचे काही पडले नव्हते, म्हणून ती मुलीकडे पाहत राहिली. तिला दिसले की पोरगी जिना चढताना मध्येच बसते. जेवताना दोन घास खाऊन ताट सरकवते आणि दुपारी कोणी नसताना तांदळाच्या डब्यातून कच्चे तांदूळ चघळते. ओठ पांढरट, नखे पांढरट. एके दिवशी दादीने जवळ घेऊन विचारले तर मुलगी म्हणाली, "दादी, मैं डल हूं ना. मेरेकू नै आता."

दुसऱ्या दिवशी दादी बुरखा घालून सरळ शाळेत गेली. शिपायाने अडवले तर म्हणाली, मला बाईंनी बोलावले आहे. खोटे नव्हते ते, दोन महिन्यांपूर्वीच बोलावले होते.

"बाई, पोरीच्या डायरीत तुम्ही डल लिहिलंत. डल म्हणजे काय हो?"

बाई म्हणाल्या, "अहो आजी, ती मलूल दिसते असं मला म्हणायचं होतं. गेल्या वर्षी वर्गात पहिला हात हिचा वर व्हायचा. आता दुसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकते. म्हणून तर घरच्यांना बोलावलं. कुणी आलंच नाही."

"मग बाई, मलूल असंच लिहायचं होतं."

"डायरीत शेरा इंग्रजीतच लिहायचा, असा आमच्याकडे नियम आहे, आजी."

बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी पाहिले ते खरे होते आणि मुलीच्या काळजीने लिहिले होते. पण त्यांच्या मनातून 'मलूल' निघाला, वाटेत 'डल' झाला आणि घरी पोहोचेपर्यंत 'ढ' झाला. त्या वाटेत आम्हीही उभे होतो.

दादीने सुनेला घेऊन डॉक्टर गाठले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२. बारा ते चौदा वर्षांच्या मुलीचे ते किमान १२ असावे लागते. मुलगी नुकती वयात आली होती, पाळीत रक्त जास्त जात होते आणि ते अम्मीलाही सांगायची तिला लाज वाटत होती. वर दोन्ही वेळा जेवणाबरोबर चहाची सवय. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली, जेवणाच्या आगेमागे चहा बंद केला आणि लिंबू, आवळा, पेरू खायला सांगितले, कारण त्यांनी लोह चांगले शोषले जाते. कच्चे तांदूळ, माती, खडू खावासा वाटणे हे लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, हेही त्यांनीच सांगितले.

हे एका घराचे दुखणे नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहांत सहा. सरकारी आणि अनुदानित शाळांत दहा वर्षांपुढच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी देतात, ती याचसाठी. मळमळ होते म्हणून आपल्या मुली ती कंपासपेटीत लपवतात किंवा बाहेर टाकून देतात. माऊलींनी हे जरूर विचारून घ्यावे. आणि विचारताना आवाज चढवू नये.

डॉक्टर डल कसा ऐकतात

या सगळ्या प्रकारानंतर आम्ही एका परिचित डॉक्टरांशी बोलत होतो. ते म्हणाले, आमच्या धंद्यात डल हा फार कामाचा शब्द आहे.

डॉक्टर छातीवर किंवा पाठीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करतात, हे सर्वांनी पाहिले असेल. ही पद्धत व्हिएन्नाचे डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये पुस्तक लिहून सांगितली. त्यांच्या वडिलांची खाणावळवजा सराई होती. पिंप ठोकले की आवाजावरून ते कुठवर भरले आहे ते कळते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. आपल्याकडे कुंभाराच्या दुकानात बायका माठ बोटाने वाजवून घेतात, तसेच. फुफ्फुसात हवा असली की आवाज मोकळा येतो. आत पाणी झाले असेल किंवा सूज येऊन फुफ्फुस घट्ट झाले असेल तर आवाज बद्द येतो. डॉक्टर त्याला डल म्हणतात.

"पण," ते म्हणाले, "डल आवाज आला की आम्ही पेशंटला घरी पाठवत नाही. तिथून आमचे काम सुरू होते. आत काय आहे ते बघावे लागते."

आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. डॉक्टरांचा डल म्हणजे पुढे शोधा. आपला डल म्हणजे शोध संपला. शब्द तोच. त्यांनी तो दारावरच्या टकटकीसारखा वापरला, आपण कुलपासारखा.

घरात हा शब्द आला तर

मुलाबद्दल कोणी डल म्हटले, लिहिले किंवा आपल्याच तोंडून निघाले, तर पहिला प्रश्न विचारा: कोणते डल? उत्तर सापडत नसेल तर उलट बाजूने या. याच्या उलट काय हवे आहे? धारदार, टवटवीत, खेळकर, हुशार, की रस घेणारे? 'टवटवीत' असे उत्तर आले तर मूल मलूल आहे, तब्येत बघा. 'खेळकर' आले तर मूल उदास आहे. त्याच्याजवळ बसा, शाळेत किंवा मोहल्ल्यात कोणी त्रास देते का ते हळूच विचारा. 'रस घेणारे' आले तर कदाचित शिकवणेच रटाळ असेल. तिथे डल मूल नाही, धडा आहे.

फळा दिसतो का, ते पाहा. दर पावसाळ्यात कान वाहतो का, ऐकू कमी येते का, ते पाहा. झोप पुरते का, मोबाइल रात्री किती वाजता हातातून सुटतो, ते पाहा. घरात दखनी किंवा उर्दू, गल्लीत मराठी आणि वर्गात एकदम इंग्रजी, अशा तीन भाषांच्या मध्ये उभे असलेले मूल काही काळ गप्प राहते. ते गप्प राहणे म्हणजे मनातल्या मनात भाषांतर चालले आहे. त्याला थोडा वेळ द्या.

कोणी विचारेल, आणि एखादे मूल खरोखरच सावकाश शिकणारे असेल तर? असू शकते. पण सावकाश चालणाऱ्याला आपण लंगडा म्हणत नाही. काही मुलांना वाचणे किंवा हिशेब यातच नेमकी अडचण येते, बाकी सगळ्यात ती तरबेज असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अडचण मान्य केली आहे. तपासणी करून दाखला घेता येतो आणि परीक्षेत सवलतही मिळते. त्यासाठी आधी आईबापांनी शाळेच्या दारापर्यंत जायला हवे. लाज वाटून घरी बसलेल्या बापाला ती सवलत कोणी आणून देत नाही.

आणि बाई-सरांनाही अदबीने एक विनंती. इंग्रजीतच लिहायचा नियम असेल तर लिहा, पण डल या एका शब्दावर थांबू नका. तुम्ही जे पाहिले ते लिहा. 'बाकावर डोके ठेवते', 'फळ्यावरचे उतरवून घेताना शेजारणीच्या वहीत बघते', 'हाक मारली तर ऐकू येत नाही.' ती ओळ थोडी लांब होईल, पण ती घरी पोहोचेपर्यंत बदलणार नाही.

आम्ही मेहुण्यांना भेटून चूक कबूल केली. ते म्हणाले, "भाईजान, तुम्ही तर फोनवर होता. मुलगी माझ्या समोर होती." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. धाकट्याला दादीने सांगितले की पुन्हा ते नाव काढले तर ईदी मिळणार नाही. तो आता नुसते 'आपा' म्हणतो. सायकल परत मिळाली. एक ट्यूशन बंद झाली, दुसरी मुलीने स्वतः मागून ठेवली. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले तेव्हा आकडा ११.४ होता, अलहम्दुलिल्लाह. गोळ्या अजून चालू आहेत.

मागच्या आठवड्यात मेहुण्यांचा पुन्हा फोन आला. डायरीत बाईंचा नवा शेरा होता. ते विचारू लागले, "भाईजान, इम्प्रूव्हड म्हणजे सुधारणा झाली, असाच अर्थ ना? दुसरा काही नाही ना?"

या वेळी आम्ही अर्थ सांगितला नाही. म्हटले, "आधी पूर्ण ओळ वाचा."

त्यांनी अडखळत वाचली. वाचनात आणि तोंडी उत्तरांत सुधारणा आहे, गणितात अजून मेहनत हवी, पालकांनी भेटावे.

"मग कधी जाताय भेटायला?" आम्ही विचारले.

"उद्याच," ते म्हणाले. "दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो. नाहीतरी सध्या मार्केट डलच आहे."